आधी बारीक, मग जाड

मुलांनो, अमेरिकेत कॅरी गावातल्या तुमच्या पहिल्या घरात जेमतेम दोन महिने एक बंदूक होती, हे तुम्हा दोघांपैकी कुणालाच ठाऊक नाही. धाकटी तेव्हा पाळण्यात होती आणि मोठा चार वर्षांचा. तुमचे आईबाबा हा विषय काढत नाहीत आणि मी त्यांना त्याबद्दल बोल लावत नाही. पण त्या बंदुकीत कोणती काडतुसं भरायची हे मी, तुमच्या आजीने, ठरवलं होतं. तेव्हा हे लिहायचं कामही माझंच.

दोन हजार सहा साली मी धाकटीच्या जन्मासाठी सहा महिन्यांकरता आले होते. तुम्हाला ठाऊक आहे, मी मिशनच्या इंग्रजी शाळेत शिकले आणि पुढे सव्वीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं. त्यामुळे कुठलंही काम हाती आलं की मी आधी कागद आखायला घेते. धाकटी झाली तेव्हा तिकडच्या मराठी मंडळींनी बाळंतिणीसाठी डबे आणायचं ठरवलं. अकरा घरं होती. पहिल्या दोन दिवसांत चार ठिकाणांहून अळिवाचे लाडू आले आणि भाजी कुणाचीच नाही, हे पाहून मी वेळापत्रक केलं. कोणत्या वारी कोण, काय आणणार. आणि सर्वांत वर ठळक अक्षरांत लिहिलं : बेल वाजवू नये, बाळ-बाळंतीण झोपलेली असतात. गॅरेजचं दार उघडायचा नंबर अमुक. आत येऊन डबा फ्रिजमध्ये ठेवून जावे.

तो कागद मी टाइप करून अकरा घरांना ईमेलने पाठवला. सगळ्यांनी कौतुक केलं. "मावशी, तुमच्या हाताखाली एअरपोर्ट द्यायला पाहिजे," असं एक जण म्हणाला. आपण घराची किल्ली अकरा जणांच्या हाती दिली आहे असं मला वाटलं नाही, तुमच्या इंजिनियर बापालाही वाटलं नाही. आपली माणसं येणार, डबा ठेवणार, त्यात वाटायचं काय?

ऑक्टोबरात दोन रस्ते पलीकडच्या एका तेलुगू घरात चोर शिरले. दिवसाढवळ्या, दुपारी चारला. आपल्या लोकांच्या घरात सोनं असतं हे आता त्यांना पक्कं ठाऊक झालं होतं. त्या घरातल्या आजी माझ्याच वयाच्या. संध्याकाळी आम्ही दोघी बरोबर फिरायला जायचो. माझं तेलुगू नाही, त्यांचं मराठी नाही, म्हणून इंग्रजीत बोलायचो. त्यांच्या मुलाचा जबडा मोडला. त्यांच्या हातातल्या बांगड्या तीस वर्षांत निघालेल्या नव्हत्या, त्या चोरांनी ओढून काढल्या. मी भेटायला गेले तेव्हा त्यांचा उजवा हात कोपरापर्यंत गुंडाळलेला होता. त्या मला एवढंच म्हणाल्या, की ते चोर म्हणजे अगदी कोवळी मुलं होती हो, त्यातला एक मला सॉरी म्हणाला.

त्या आठवड्यात तुमच्या बाबांनी शॉटगन घ्यायची असं ठरवलं.

"नाही म्हणजे नाही," तुमची आई म्हणाली. "घरात मुलं आहेत."

"मुलं आहेत म्हणूनच."

"अलार्म लाव. कुत्रा आण. काहीही कर."

"पोलीस यायला किती वेळ लागला त्यांच्याकडे, विचार ना जाऊन."

मग दोघांनी माझ्याकडे पाहिलं. मी तुमच्या आईची बाजू घ्यायला हवी होती. पण मला तो गुंडाळलेला हात दिसत होता. शिवाय बारशासाठी म्हणून मी घरातलं सगळं सोनं या खेपेला बरोबर आणलं होतं आणि ते वरच्या कपाटात होतं. मी म्हणाले, "घ्यायची तर नीट माहिती काढून घ्या. वाचायचं काम माझं."

तुमची आई उठून गेली.

तुम्ही हे कधी पाहू नये अशी माझी इच्छा आहे, पण पुढचं समजायला हवं म्हणून सांगते. शॉटगनचं काडतूस म्हणजे अंगठ्याहून थोडी मोठी प्लॅस्टिकची नळी. खाली दारू, वर छरे. छरे बारीक असतात, मोहरीएवढे, ते पक्ष्यांच्या शिकारीसाठी. किंवा जाड, वाटाण्याएवढे, ते हरणासाठी आणि माणसासाठी. बारीक शेकड्याने मावतात, जाड एका नळीत नऊ.

दुकानात खेळाचं सामान, मासेमारीच्या काठ्या आणि बंदुका एकाच छपराखाली. काउंटरवरच्या मुलाने बारीक छऱ्यांची पेटी पुढे केली. घरासाठी हेच घ्या, भिंतीतून जात नाहीत, असं तो म्हणाला. शेजारी उभा असलेला एक गिऱ्हाईक न विचारता बोलला, "त्याने चोर मरणार नाही, फक्त चिडेल." दोघे हसले. माझ्या पातळावरच्या स्वेटरकडे पाहत तो गिऱ्हाईक पुढे म्हणाला की आमच्या आजीकडेही एक आहे, दाराशेजारी, छत्रीच्या जागी. तुमचे बाबाही हसले. मी वहीत दोन्ही मतं लिहून घेतली.

भिंतीतून जात नाहीत, हे वाक्य मला खटकलं. आपल्याकडे भिंत म्हणजे वीट. तिथल्या घरात मी बोटाने टकटक केलं तर ढोलासारखा आवाज यायचा. लाकडाचे उभे दांडे, दोन्ही बाजूंनी जिप्समचा एकेक बोर्ड, मधे हवा. खालच्या मजल्यावर स्वयंपाकघराच्या पलीकडे माझी खोली होती, आणि बहीण झाल्यापासून मोठा माझ्याजवळ झोपायचा. गोळी झाडणारा चोराकडे बघेल. चोराच्या मागे काय आहे ते कोण बघणार? म्हणून मी तुमच्या बाबांना म्हटलं, "करून बघू या."

त्यांच्या ऑफिसातले एक वयस्कर अमेरिकन गृहस्थ होते, त्यांचं गावाबाहेर शेत होतं. एका शनिवारी आम्ही तिथे गेलो. मी जिप्समचे आठ बोर्ड मापाने कापून घेतले होते. दोन-दोनची एक, अशा चार भिंती लाकडी चौकटीत एकामागे एक उभ्या केल्या. जिन्याच्या पायथ्यापासून गॅरेजकडून येणाऱ्या दारापर्यंत आपल्या घरात सात पावलं होती, तेवढंच अंतर टेपने मोजून तिथे खूण केली.

"आई, प्रयोगवही आणलीस ना? नाहीतर मार्क कापतील," तुमचे बाबा म्हणाले.

मी आणलीच होती. उद्देश, साहित्य, कृती, निरीक्षण, अनुमान. ते गृहस्थ वहीत डोकावून म्हणाले, "मॅम, तुम्ही काउंटीच्या सरकारी तपासनिसाच्या नोकरीत असायला हव्या होत्या." तेवढ्यात मी पिशवीतून उशी काढली आणि पहिल्या भिंतीच्या मागे लटकवली. उशी मोठ्याची होती, जुनी. त्यानंतर त्यांनी थट्टा केली नाही.

बारीक छऱ्यांनी पहिल्या भिंतीला मुठीएवढं भोक पडलं. मागचा बोर्ड खिळखिळा झाला, उशीत छरे अर्ध्या जाडीपर्यंत रुतले आणि काही आजूबाजूने जाऊन दुसऱ्या भिंतीच्या पुढच्या बोर्डात टोचून बसले. मग उशी बदलली आणि जाड छऱ्यांचं काडतूस झाडलं. ते छरे उशीतून गेले, चारही भिंतींतून गेले आणि पलीकडच्या मातीच्या बांधात शिरले. मी एकेका बोर्डावरची भोकं मोजली. शेवटच्यावरही नऊच्या नऊ होती.

ते गृहस्थ मला म्हणाले, "मॅम, हे बारीक पक्ष्यांसाठी आहे. जाड कोट घातलेला माणूस त्याने थांबेलच असं नाही. आणि जे माणसाला थांबवतं ते तुमच्या भिंतीत थांबत नाही. तिसरा प्रकार कुणी विकत असेल तर मलाही कळवा."

शाळेत असते तर मी अनुमानात लिहिलं असतं, की या घरात ही वस्तू सुरक्षितपणे वापरता येणार नाही. निरीक्षणातून तेच निघत होतं. मी लिहिलं, 'त्यातल्या त्यात बारीक बरे.' सव्वीस वर्षांत कुठल्या मुलीने असं अनुमान लिहिलं असतं तर मी लाल शाईने खोडलं असतं.

तुमच्या बाबांना जाड हवी होती. मला बारीक. परतताना गाडीत वाद झाला आणि घर येईपर्यंत तडजोड झाली. बंदुकीच्या नळीखालच्या दुसऱ्या नळीत पाच काडतुसं मावत. पहिली दोन बारीक सुटावीत, एवढ्याने चोर पळाला तर उत्तम. नाही पळाला तर मागून तीन जाड. मी कागदावर कृती लिहिली आणि तो बंदुकीच्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवला.

१. आधी बारीक, दोन. २. मग जाड, तीन. ३. नेम गॅरेजकडच्या दारावरच, कारण त्यामागे रिकामं गॅरेज. इतर कुठेही नाही.

फ्रिज त्या दाराच्या डाव्या हाताला होता आणि फ्रिजच्या मागची भिंत आमच्या खोलीची. ती भिंत माझ्या लक्षात आली नव्हती असं नाही. पण चोर गॅरेजमधून आला तर सरळ घरात येईल, तो फ्रिजकडे कशाला वळेल, असं म्हणून मी ती सोडून दिली.

डिसेंबरातल्या एका गुरुवारी मोठ्याला ताप होता. तुमची आई धाकटीला लस टोचायला घेऊन डॉक्टरांकडे गेली होती. बाबा घरूनच काम करत होते, वर, कानाला हेडफोन लावून. मोठा खाली माझ्या खोलीत झोपला होता आणि मी वर कपड्यांच्या घड्या करत होते. दीडचा सुमार असेल. बाबांना खिडकीतून दिसलं की आपल्या घरासमोर एक अनोळखी काळी गाडी थांबली आहे आणि गॅरेजचं दार वर जातंय.

मी घड्यांचा ढीग घेऊन जिन्यात आले तेव्हा ते माझ्यापुढून खाली धावत गेले. हातात बंदूक होती. काडतूस चढवायचा पंप ओढल्याचा आवाज झाला. तो आवाज मी शेतावर ऐकला होता, घरात कधी ऐकला नव्हता.

गॅरेजकडचं दार उघडून कुणीतरी आत आलं. लांब काळा कोट, डोक्यावर टोपडं ओढलेलं. आमच्याकडे न बघता ते माणूस सरळ फ्रिजकडे वळलं आणि आमच्याकडे पाठ करून उभं राहिलं. तुमच्या बाबांच्या हातातली नळी त्याच्याबरोबर वळली, दारावरून फ्रिजवर.

"डोन्ट मूव्ह!"

ते माणूस वळलं. आपल्या माणसांच्या घरी आलेल्या बाईला वाटणार तरी कसं, की हे आपल्याला उद्देशून आहे! डबा जमिनीवर पडला आणि मुगाचं कढण फरशीभर झालं.

"अरे बाप्पा! मीच आहे रे! काय करून राह्यला तू?"

त्या नागपूरच्या काकू होत्या. अकरा घरांपैकी त्या एक, गुरुवार त्यांचा. वेळापत्रक ऑक्टोबरातच संपलं होतं, पण सकाळी तुमच्या आईने फोनवर ताप आल्याचं सांगितलं म्हणून त्या कढण घेऊन आल्या होत्या. त्यांची गाडी दुरुस्तीला होती, भाड्याची आणली होती. बेल वाजवू नये असं मीच लिहिलेलं.

तुमच्या बाबांनी बंदूक खाली केली नाही. हे मी त्यांना उणेपणा आणायला लिहीत नाही. त्यांना त्या दिसत होत्या, पण ओळखू येत नव्हत्या. बोट चापावर होतं. मी जिन्यातून त्यांना लहानपणच्या नावाने हाक मारली, जे नाव तीस वर्षांत कुणी घेतलं नव्हतं. तेव्हा नळी हळूहळू खाली गेली.

काकू फ्रिजला टेकून खाली बसल्या. खोलीचं दार उघडलं आणि मोठा डोळे चोळत बाहेर आला.

"आज्जी, व्हाय इज काकू ऑन द फ्लोअर?"

"पाय घसरला रे बाळा," काकूच म्हणाल्या. "हाऊ इज युवर फीव्हर?"

त्यांनी त्याला जवळ घेतलं. त्या त्याच्या पाठीवर थोपटत राहिल्या.

काकूंना मी त्यांच्या घरी सोबत करून आले तेव्हा तुमचे बाबा जेवणाच्या टेबलाशी बसले होते. मोठा आत पुन्हा झोपला होता. बाबा म्हणाले, "आई, रिकामी करतोय. तू इथेच थांब, प्लीज." त्यांनी पंप ओढला. झाडण्याच्या जागी चढलेलं काडतूस बाहेर उडालं आणि टेबलावर घरंगळलं.

ते जाड होतं.

दुसरं जाड. तिसरं जाड. शेवटी दोन बारीक.

त्यांनी माझ्या कागदाप्रमाणेच भरली होती. आधी बारीक दोन आत ढकलली, मग जाड तीन. पण त्या नळीत शेवटी घातलेलं आधी बाहेर येतं. बांगड्यांच्या दांडीवरून शेवटी चढवलेली बांगडी आधी निघते, हे मी जन्मभर रोज पाहिलं होतं. शेतावर एका वेळी एकाच प्रकारची भरली होती, म्हणून तिथे कळलं नाही. आणि तुमचे बाबा, ज्यांनी इतरांचं काम तपासण्यात अख्खी नोकरी घालवली, त्यांनी आईने लिहून दिलेली यादी तपासली नाही. लहानपणापासून कधी तपासली नव्हती.

काकूंपासून भिंत दोन हातांवर होती, मधे फक्त फ्रिज. भिंतीपासून तुझी उशी, मोठ्या, दीड हातावर. जाड छरे चार भिंतींतून जातात हे माझ्याच अक्षरात वहीत होतं.

बाबांनी पाचही काडतुसं टेबलावर ओळीने लावली. मग बाबा म्हणाले, "क्रम उलटा लिहून दे."

मी पेन हातात घेतलं होतं, हेही सांगून टाकते. तेवढ्यात तुमची आई धाकटीला घेऊन आली. फरशी नीट पुसली गेली नव्हती, तिची चप्पल कढणात चिकटली. टेबलावर पाच काडतुसं ओळीने होती. तिने विचारायच्या आत मी सांगायला सुरुवात केली आणि काही न गाळता सांगितलं, कागद, क्रम, फ्रिज, भिंत. ती ओरडली नाही. आत गेली, मोठ्याला झोपेतच उचललं, दुसऱ्या काखेत धाकटी होतीच, आणि दारात उभी राहून म्हणाली, "ती वस्तू आत्ता जाते की मी जाऊ?"

त्याच संध्याकाळी बाबांनी बंदूक शेतावर नेऊन त्या गृहस्थांना दिली. गॅरेजचा नंबर बदलला आणि नवा कुणाला सांगितला नाही. अकरा घरांपैकी कुणी विचारलाही नाही. काकूंनी कुणाला काही सांगितलं नसेल, पण लोकांना कळतं. त्यानंतर जो कोणी आला तो बेल वाजवून, पायरीवर दोन पावलं मागे सरकून उभा राहायचा.

जानेवारीत मी परत निघण्याआधी काकूंकडे गेले. फोन करून, वेळ ठरवून. त्यांनी चहा केला. यजमान घरात नव्हते. इकडचं तिकडचं बोलून झालं, माझ्या बॅगांचं वजन, त्यांच्या मुलाची नवी नोकरी. मग त्या म्हणाल्या, "मावशी, हे म्हणताहेत आपणही एक घेऊ. तुम्ही म्हणे खूप अभ्यास केला होता. कोणतं चांगलं असते, बारीक की जाड?"

मला वाटलं त्या टोचून बोलताहेत. पण तसं नव्हतं. त्यांना खरंच विचारायचं होतं. त्यांच्याही घरात सोनं होतं आणि त्यांच्याही भिंती तशाच होत्या.

मी त्यांना शेतावरचं सगळं सांगितलं. उशीचंही. मग क्रम चुकला होता हे सांगितलं, जे त्या दिवशी सांगायचा धीर झाला नव्हता. "तुमच्यावर रोखलेलं पहिलं काडतूस जाड होतं," मी त्यांना म्हणाले.

त्यांनी कप बशीत ठेवला. "आणि तुमच्या कागदाप्रमाणे बारीक असतं तर? तर मला कमी लागलं असतं का?"

खोटं बोलणं सोपं होतं. "नाही," मी म्हणाले. "फ्रिजपाशी तुम्ही त्याच्यापासून पाच-सहा पावलांवर होतात. तेवढ्या अंतरावर बारीक छरेसुद्धा पांगत नाहीत, मुठीएवढे एकत्र जातात. बारीक-जाडचा फरक भिंतीमागच्याला. तुम्हाला काहीच नाही."

"भिंती मोजल्या तुम्ही," काकू म्हणाल्या. रागाने नाही, हिशेब लावत असल्यासारख्या. "भोकं मोजली. उशी टांगून पाहिली. अन् समोर जो उभा राहील, त्याचं काय होईल ते कुठंच लिहिलं नाही?"

"नाही," मी म्हणाले. "तो चोर असेल असं धरलं होतं."

त्या उठल्या आणि स्वयंपाकघरात जाऊन नळाखाली कप विसळत राहिल्या, नळ बराच वेळ चालू होता. मी पर्स उचलली. त्या दारापर्यंत सोडायला आल्या, वाकून नमस्कारही केला. दार लागल्यावर आतून आधी कुलूप फिरल्याचा आणि मग साखळी सरकवल्याचा आवाज मला पायरीवर ऐकू आला.